सर्व्हरच्या दारातील आवक-जावक

कोणत्याही जुन्या कचेरीत दाराशीच आवक-जावक विभाग असतो. आलेले टपाल फोडणे, त्यावर तारखेचा शिक्का मारणे, बारनिशीत नोंद करणे व ते योग्य टेबलाकडे धाडणे हे आवक कारकुनाचे काम. आतून आलेला निर्णय योग्य भाषेत व योग्य नमुन्यात लिहून, पाकिटावर पत्ता घालून रवाना करणे हे जावक कारकुनाचे. आत बसलेल्या साहेबांना पाकीट कसे फोडले याच्याशी कर्तव्य नसते. त्यांच्यापुढे नीट मांडलेले प्रकरण यावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

वेब सर्व्हर ही अशीच एक कचेरी आहे. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे व्यवहार हे सारे आपण आज तिच्याच खिडकीतून करतो. अर्जदार पात्र आहे की नाही हा निर्णय आतला प्रोग्राम घेतो. परंतु आलेली विनंती वाचणे आणि उत्तर लिहिणे ही कामे दारातले दोन कारकूनच करतात. हे कारकून आपल्या गरजेप्रमाणे घडवता येतात. ते कसे घडवावेत, आणि त्यात हयगय झाली तर कोणाचे काय जाते, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

पाकिटावरचा मजकूर

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीटीपीची जी पहिली पद्धत वापरात आणली, तीत पाकीटच नव्हते. विनंती एका ओळीची आणि उत्तर म्हणजे पानाचा नुसता मजकूर. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० मध्ये मजकुरावर पाकीट चढले. त्या पाकिटावर लिहिलेल्या ओळींना हेडर म्हणतात. ई-मेलसाठी बोरेन्स्टाइन व फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘माइम’ या पद्धतीवरून ही कल्पना उचलली गेली.

त्यांपैकी तीन ओळी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ‘कंटेंट-टाइप’ सांगते की आत काय आहे: साधा मजकूर, भरलेला फॉर्म, जेसन की चित्र, आणि मजकूर असेल तर तो कोणत्या अक्षरसंकेतात आहे. ‘अक्सेप्ट’ सांगते की उत्तर कोणत्या नमुन्यात हवे. ‘अक्सेप्ट-लँग्वेज’ सांगते की ते कोणत्या भाषेत हवे. या शेवटच्या ओळीत पसंतीचे वजनही देता येते: मराठीला १, कन्नडला ०.८, इंग्रजीला ०.५. म्हणजे ‘मराठी असेल तर उत्तम, नसेल तर कन्नड, तीही नसेल तर इंग्रजी चालेल’ असे आपला ब्राउझर दर वेळी मुकाट्याने सांगू शकतो. आपल्यासारख्या दोन भाषांच्या गावातील माणसाला याहून सोयीचे काय असणार? मात्र सर्व्हरच्या कारकुनाने ती ओळ वाचली पाहिजे.

कारकुनांची यादी

जावा भाषेतील सर्व्हरसाठी २००८ साली ठरलेल्या जॅक्स-आरएस या मानकात वाचणारा व लिहिणारा असे दोन वेगळे कारकून कल्पिले आहेत. २००९ अखेरीस आलेल्या स्प्रिंग ३.० मध्ये ही दोन्ही कामे एकाच ‘कन्व्हर्टर’कडे, म्हणजे रूपांतरकाकडे, दिली आहेत. नावे वेगळी असली तरी रीत सारखीच. सर्व्हरकडे अशा रूपांतरकांची एक यादी असते. विनंती आली की तो यादीतील प्रत्येकाला विचारतो, ‘हा नमुना तुला वाचता येतो का?’ होकार देणारा पहिला रूपांतरक पाकीट फोडतो. उत्तर लिहितानाही असाच प्रश्न फिरतो. कोणालाच वाचता आले नाही तर ४१५ हा क्रमांक लिहून विनंती परत जाते. मागितलेल्या नमुन्यात कोणालाच लिहिता आले नाही तर ४०६. या क्रमांकांचे अर्थ लक्षात ठेवले की दोष आवकेत आहे की जावकेत, हे तत्काळ कळते.

आपल्या गरजेचा रूपांतरक लिहून या यादीत बसवणे, यालाच सर्व्हरचे वाचन-लेखन आपल्यासारखे करून घेणे म्हणतात. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे क्रम: आपला रूपांतरक यादीच्या शेवटी बसला आणि आधीच्या एखाद्याने होकार दिला, तर आपल्या रूपांतरकाची पाळीच येत नाही. दुसरी म्हणजे जुन्या यादीत भर घालणे व नवी यादी देणे यांतील फरक. एकाच नव्या नावाची यादी दिली तर आधीचे सगळे रूपांतरक कमी होण्याचा संभव असतो, आणि काल चालणारी इतर कामे आज ४१५ दाखवू लागतात.

‘बेळगाव’ची सहा प्रश्नचिन्हे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘बेळगाव’ हा शब्द घ्या. संगणकाच्या युनिकोड मोजणीत तो सहा चिन्हांचा आहे: ब, एकार, ळ, ग, काना आणि व. युटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून एकूण १८ बाइट. कन्नड लिपीलाही चिन्हामागे तीनच बाइट लागतात. या बाबतीत दोन्ही बहिणी समान आहेत.

परंतु पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेला आयएसओ ८८५९-१ हा जुना संकेत एका चिन्हाला एकच बाइट देतो, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. स्प्रिंगमधील साधा मजकूर हाताळणारा रूपांतरक, दुसरे काही सांगितले नाही, तर हाच संकेत धरून चालत आला आहे. मग जावक कारकून ‘बेळगाव’ लिहायला बसतो, त्याला एकही अक्षर सापडत नाही, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवून तो मोकळा होतो: ??????.

आवकेतही हीच चूक होऊ शकते, पण परिणाम निराळा होतो. १८ बाइट या जुन्या संकेताने वाचले तर १८ परकी चिन्हे दिसतात. त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो. हे दृश्य भयंकर वाटले तरी एकही बाइट हरवलेला नसतो. जाणकार माणूस मूळ शब्द परत मिळवू शकतो. प्रश्नचिन्हांचे तसे नाही. सहा प्रश्नचिन्हांतून ‘बेळगाव’ होते की ‘धारवाड’, हे कोणालाही सांगता येणार नाही. ती प्रश्नचिन्हे एकदा नोंदवहीत उतरली की त्या माणसाचे नाव कायमचे गेले. गुणपत्रिकेवर किंवा सात-बाराच्या उताऱ्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे आलेल्या माणसाला विचारा. दुरुस्तीसाठी त्याला किती खेटे घालावे लागतात ते तो सांगेल.

यावर उपाय सोपा आहे: दोन्ही कारकुनांना युटीएफ-८ हाच संकेत स्पष्टपणे नेमून द्यावा आणि उत्तराच्या पाकिटावरही तसे लिहावे.

रक्कम

आपल्या शाखेचा एक प्रश्नही दारातच सुटतो. अर्जात कोणी ‘१,२५,०००’ लिहितो. जेसनच्या नियमात आकड्यात स्वल्पविराम चालत नाही आणि देवनागरी अंकही चालत नाहीत. अशी रक्कम मजकूर म्हणून घ्यावी, स्वल्पविराम काढावेत, अंक ओळखावेत आणि आतल्या प्रोग्रामला शुद्ध संख्या द्यावी. हे वाचणाऱ्याचे काम. ही संख्या संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांक पद्धतीत ठेवू नये. तीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. पैशासाठी दशमान पद्धतच हवी. हिशोबात पै-पैचा मेळ घालणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

पाकीट वाचावे, त्याची आज्ञा पाळू नये

हे सारे फक्त सोयीचे प्रश्न आहेत असे कोणी समजू नये. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमधील एक दोष जाहीर झाला. ‘कंटेंट-टाइप’ या ओळीत भलतेच काही आले की आवक विभाग चुकीचा संदेश तयार करी, आणि तो करताना त्या ओळीतच लिहिलेली आज्ञा अमलात आणी! दुरुस्ती उपलब्ध होती. परंतु कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीत ती वेळेवर बसवली गेली नाही, आणि त्या वर्षी सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. तिजोरीचे कुलूप शाबूत होते की नव्हते, हा प्रश्न पुढचा. चोर आवक विभागाच्या टेबलावरून आत शिरला. म्हणून आपला रूपांतरक लिहिताना बाहेरून आलेली प्रत्येक ओळ ही केवळ माहिती मानावी, लांबीला मर्यादा घालावी, आणि नमुना ओळखीचा नसेल तर अंदाज न बांधता ४१५ लिहून परत पाठवावी.

तेरीज जुळली म्हणजे झाले का?

आपले काम बरोबर झाले की नाही हे तपासण्याची सर्वांची आवडती रीत म्हणजे एक मराठी व एक कन्नड नाव पाठवून पाहणे. तेच परत आले की समाधान मानायचे. पण आपण जमाखर्च शिकलेली मंडळी आहोत. तेरीज जुळली तरी वहीत चुका असू शकतात, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. येथेही तसेच होते. वाचणारा आणि लिहिणारा या दोघांनीही जुना संकेत धरला, तर १८ बाइट आत जातात आणि तेच १८ बाहेर येतात. ब्राउझरने ते युटीएफ-८ मानले की पडद्यावर ‘बेळगाव’ अगदी शुद्ध दिसते. आतल्या वहीत मात्र सहा चिन्हांच्या जागी १८ परकी चिन्हे बसलेली असतात. नावांचा अकारविल्हे क्रम लावताना, किंवा वीस चिन्हांच्या रकान्यात लांब आडनाव बसवताना, ती चूक वर येते. तोपर्यंत हजारो नावे तशी नोंदली गेलेली असतात.

म्हणून पडदा पाहून थांबू नये. आतली वही उघडावी, ‘बेळगाव’ची चिन्हे मोजावीत, आणि ती सहाच भरली म्हणजे मगच दोन्ही कारकुनांच्या कामावर सही करावी.