नावाच्या लांबीवरही वेळ बदलतो

"मॅडम, नवा कोड पाच टक्के फास्ट आहे," असं कोणी सांगत आलं की मी आधी विचारते, लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर? परफॉर्मन्स टेस्टिंग हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे एवढा खवचटपणा खपून जातो. बॅटरीवर प्रोसेसर हात राखून चालतो, तापला की वेग उतरवतो. एकदा डिस्कवरून वाचलेली फाइल पुढच्या वेळी मेमरीतूनच मिळते, म्हणून नंतर चालवलेला प्रोग्राम उगाच हुशार ठरतो. यावरचे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत: मशीनवर दुसरं काही चालू नको, क्लॉक स्पीड बांधून ठेवायचा, पहिल्या फेऱ्या धरायच्या नाहीत.

खरी गोम पुढेच आहे. लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू होताना युजरचं नाव, चालू फोल्डर वगैरे माहिती त्याच्या स्टॅकच्या टोकाशी ठेवली जाते. ती लांबली की स्टॅक थोडा सरकतो, डेटा मेमरीत वेगळ्या जागी पडतो आणि प्रोसेसरला तो कधी सोयीचा, कधी अडचणीचा होतो. 2009 मध्ये टॉड मायटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त या मजकुराची लांबी बदलून पाहिली. कंपायलरचं ओ-थ्री ऑप्टिमायझेशन ओ-टूच्या तुलनेत पर्लबेंच हा चाचणी-प्रोग्राम कधी 8 टक्के संथ करत होतं, तर कधी 10 टक्के वेगवान! म्हणजे 'अनिल'च्या लॉगिनवर जिंकलेला कोड 'ज्ञानेश्वर'च्या लॉगिनवर हरूही शकतो. फाइली कोणत्या क्रमाने लिंक केल्या, यानेही निकाल फिरतो.

अशा वेळी मशीन कितीही सोवळ्यात ठेवा, उपयोग नाही. दर फेरीला तोच आकडा येईल, पण तो त्या एकाच मांडणीचा. चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्जर यांनी 2013 मध्ये उलटा रस्ता धरला. त्यांचं 'स्टॅबिलायझर' चालत्या प्रोग्रामचा कोड, स्टॅक आणि हीप पत्ते पिसावेत तसं पुन्हा पुन्हा हलवतं, म्हणजे मांडणीचं नशीब सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. असं मोजल्यावर एलएलव्हीएम कंपायलरच्या ओ-टूवरून ओ-थ्रीवर गेल्याचा फायदा त्यांच्या चाचण्यांत एकंदरीत योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. वर्षानुवर्षं ओ-थ्री डोळे झाकून लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रोजच्या कामात एवढा थाट जमत नाही. मी जुना आणि नवा कोड आलटून पालटून चालवते, मधे लिंक करण्याचा क्रम बदलते, मशीनही बदलते. मॅनेजरला स्लाइडवर एकच आकडा हवा असतो. मी ठिपक्यांचा आलेख देते. दोन रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसले, तर रिलीज नोटमधला 'फास्ट' शब्द खोडायला लावते.