सेल्फही तोच, डायनामोही तोच

जुन्या मोटारींच्या स्टार्टर-जनरेटरचे सुटे भाग आज सहसा दुकानात मिळत नाहीत. तरीही ते मिळवता येतात, आणि त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडहून फार लांब जावे लागत नाही.

चंदगड परिसरातल्या एखाद्या घराच्या पडवीत शंभर वर्षांची डॉज मोटार निघाली, असे समजा. तिचा पत्रा ठोकून सरळ करता येतो, रेडिएटरला डाग देता येतो, पिस्टनच्या रिंगा करून घेता येतात. घोडे अडते ते इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या एका जड, गोल डब्यापाशी. उघडून पाहावे तर आत तांबे नाही, ते केव्हाच भंगारात गेलेले. कार्बन नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा नाहीत, मागचे झाकण फुटलेले. हाच स्टार्टर-जनरेटर. गाडी सुरू करताना तो सेल्फचे काम करी आणि गाडी चालू झाली की डायनामो होऊन बॅटरी चार्ज करी.

एकच यंत्र दोन्ही कामे कशी करते? चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून वीज सोडली की तार हलते. ही झाली मोटर. तीच तार बाहेरच्या ताकदीने हलवली की तिच्यात वीज निर्माण होते. हा झाला जनरेटर. खरे तर फिरणाऱ्या प्रत्येक मोटरमध्ये उलट दिशेचा विद्युतदाब (व्होल्टेज) तयार होतच असतो. सेल्फ मारताना आर्मेचर, म्हणजे वेढे असलेला फिरता भाग, थांबलेले असते, म्हणून हा उलटा दाब शून्य असतो आणि बॅटरीतून प्रचंड प्रवाह आत शिरतो. इंजिनाने वेग घेतला की उलटा दाब वाढत जातो. तो बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा जास्त झाला की प्रवाह उलटतो आणि बॅटरी चार्ज होऊ लागते. इंजिन मंदावल्यावर बॅटरी पुन्हा या यंत्रात रिकामी होऊ नये, म्हणून मध्ये कटआऊट, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच, बसवलेला असतो. हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल, तर आपल्या राज्यातल्या घाटघर उदंचन प्रकल्पात पाहावे. तिथली एकूण २५० मेगावॉटची यंत्रे विजेची मागणी असताना जनरेटर असतात आणि मागणी नसताना मोटर होऊन पाणी पुन्हा वरच्या जलाशयात चढवतात.

मोटारीत हे यंत्र आणण्याचे श्रेय अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांना जाते. त्याआधी इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे, आणि हँडल उलटले की मनगट मोडे. विजेवर इंजिन फिरवायचे तर इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल, असा तेव्हाचा समज होता. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातल्या रोकड-यंत्रासाठी छोटी मोटर तयार केली होती. काही सेकंदांपुरते काम असेल तर लहान मोटरवरही तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, तापायच्या आत काम उरकते, हे त्यांना तिथेच उमगले होते. त्यांच्या डेल्को कंपनीची यंत्रणा १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आली. सुरू करताना ती २४ व्होल्टवर चाले आणि चार्जिंग ६ व्होल्टवर करी. डॉज बंधूंनी १९१४ मध्ये पहिली मोटार आणली, तिच्यात १२ व्होल्टचा, साखळीने इंजिनाला जोडलेला एकच स्टार्टर-जनरेटर होता. गिअरचे दात घासल्याचा आवाज न होता गाडी सुरू होई. पुढे बहुतेक कंपन्यांनी सेल्फ वेगळा आणि डायनामो वेगळा केला, आणि या जोडयंत्राचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झाले.

मग ते शोधायचे कुठे? मुंबईच्या चोर बाजारात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादे झाकण, एखादे आर्मेचर नशिबाने हाती लागते. पण डबा आणि त्यातला लोखंडी गाभा शिल्लक असेल, तर निम्मी माहिती हातातच असते. गाभ्यात खाचा किती, कम्युटेटरला (कार्बन ज्यावर घासतात त्या गोलाला) पट्ट्या किती, ध्रुव किती आणि नेमप्लेटवर व्होल्टेज किती, हे मोजले की तारेचे वेढे आणि जाडी यांचे गणित मांडता येते. निर्माण होणारे व्होल्टेज तारांची संख्या, चुंबकीय क्षेत्र आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणजे १२ व्होल्टचे सारख्याच मापाचे आर्मेचर मिळाले आणि आपली गाडी ६ व्होल्टची असेल, तरी ते वाया जात नाही. वेढे निम्मे करायचे आणि तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट. क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे व्यास सुमारे १.४१ पट, १९ गेजची तार काढून त्या जागी १७ गेजची भरायची. तांब्याचे वजन जवळपास तेवढेच राहते.

हे काम करणारी माणसे आपल्याकडे आहेत. चंदगड तालुक्यात नदीवरच्या शेतीपंपाची मोटर जळली की शेतकरी ती ‘भरायला’ देतो. जळलेल्या मोटरीचे वेढे मोजून, कॉइल किती खाचांवर पसरते ते लक्षात ठेवून नवे वायंडिंग भरणारा कारागीर आर्मेचरही भरू शकतो. फक्त त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, फील्डची, म्हणजे स्थिर ध्रुवांवरची, कॉइल दोन प्रकारची असते. जाड तारेचे थोडे वेढे सुरू करतानाच्या जोरासाठी असतात आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे चार्जिंगसाठी. दोन्हींची दिशा चुकली तर यंत्र फिरेल, पण जोर देणार नाही. दुसरी, चंदगडच्या पावसात कोरडे वाटणारे वायंडिंगही ओल धरते. व्हार्निश पाजून ते भट्टीत नीट भाजायचे आणि मगच मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासायचे.

भरलेले आर्मेचर तपासण्याची एक जुनी रीत आहे. आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या विद्युतचुंबकावर ठेवतात आणि त्याच्या खाचांवरून हॅक्सॉ ब्लेड फिरवत नेतात. ज्या खाचेतले वेढे आपसांत चिकटलेले असतील, तिथे ब्लेड खडखडा थरथरते. मग कम्युटेटर लेथवर घासून गोल करायचा आणि पट्ट्यांमधला अभ्रक सुमारे ०.८ मिलिमीटर खोल कोरायचा.

कार्बन निवडताना पुष्कळ जण फसतात. दुकानातला मापात बसणारा कोणताही कार्बन चालत नाही. साध्या कार्बनवर प्रत्येकी सुमारे १ व्होल्ट, म्हणजे जोडीवर २ व्होल्ट वाया जातात. ६ व्होल्टच्या गाडीत ही एकतृतीयांश वीज झाली! म्हणून तांब्याची भुकटी मिसळलेला कार्बन लागतो. तसेच झाकणाचे. फुटलेले झाकण चिकटवून तेच मातीत दाबून साचा घेतला, तर नवे ओतीव झाकण लहान निघते, कारण थंड होताना अ‍ॅल्युमिनियम सुमारे १.३ टक्के आकसते. १५० मिलिमीटर व्यासाच्या झाकणात हा फरक २ मिलिमीटर होतो आणि बेअरिंगची जागा चुकते. त्यामुळे पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, शिवाय घासणीसाठी आणखी थोडा. बेळगावच्या उद्यमबागेतला किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला पॅटर्नमेकर हे न सांगता करतो.

सगळे जुळले तरी एखादे वेळी यंत्र फिरते, पण चार्ज करत नाही. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने किंवा नव्या वायंडिंगमुळे लोखंडातले शिल्लक चुंबकत्व गेलेले किंवा उलटलेले असते. बॅटरीची योग्य टोके फील्डला क्षणभर लावली की ते परत येते.

कोल्हापूर जिल्ह्याला हे काम नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्रे पाहून, समजून घेऊन इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि ‘सैरंध्री’ चित्रित केला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली. नमुना नसेल तर तत्त्वावरून वस्तू घडवायची, ही इथली जुनी सवय आहे.

हे सगळे निव्वळ हौसेपुरते उरलेले नाही. २०१५ मध्ये आलेल्या मारुती सियाझच्या हायब्रिड गाडीत सेल्फ आणि जनरेटर पुन्हा एकाच यंत्रात आले. नव्या अ‍ॅक्टिव्हाचा बिनआवाजी सेल्फही याच जातीचा आहे. वेग आणि प्रवाह सांभाळायला पूर्वी कार्बन, कटआऊट आणि रिले होते, आता इलेक्ट्रॉनिक्स आहे, एवढाच फरक.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आणली. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली वाहनेच तिच्यात बसतात. त्यामुळे जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांना मूळ भागांची किंमत नव्याने कळली आहे. तुमच्या घरी, गॅरेजात किंवा माळ्यावर असा एखादा डबा पडला असेल, तर तांब्याच्या भावाकडे पाहून तो विकू नका. नेमप्लेटचा फोटो काढा, कम्युटेटरच्या पट्ट्या आणि गाभ्याच्या खाचा मोजून कागदावर लिहा. वायंडिंग काढायचेच असेल, तर कापण्याआधी वेढे मोजा आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्या. एवढा एक कागद जपला, तर पुढचा कारागीर बाकीचे सगळे घडवू शकतो.