'एक शून्य शून्य' ते 'सी.आय.डी.' : गुन्हेशोध-मालिकेची घडण आणि वैनगंगेकाठचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील मालिकेला साहित्याच्या अभ्यासक्षेत्रात घ्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या विभागांतून अजूनही काहीशा संकोचानेच विचारला जातो. लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासकांनी बाबूराव अर्नाळकरांना उशिरा का होईना चर्चेत आणले. मालिकेच्या वाट्याला मात्र तेवढेही आले नाही. वस्तुतः खेड्यापाड्यांतील फार मोठ्या समाजाला 'तपास', 'पुरावा', 'संशयित', 'कबुली' या कल्पनांचा नाट्यरूप परिचय करून दिला तो कादंबरीने नव्हे, तर दूरचित्रवाणीनेच. प्रस्तुत लेखात मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका आणि तिच्यातूनच वाढलेली 'सी.आय.डी.' ही हिंदी मालिका यांचा एक परंपरा म्हणून विचार केला आहे. हा विचार चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत बसून केलेला आहे. या मालिकांनी 'गुन्हा' म्हणून जे गृहीत धरले, ते गृहीतक महानगरात डोळ्यांत भरत नाही. येथे ते लगेच उघडे पडते.

प्रथम घडणीविषयी. दोन्ही मालिकांचे कर्ते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखनाचे शिक्षण घेतलेले आणि पुढे मुंबई दूरदर्शनवर वृत्तछायालेखक म्हणून काम केलेले. हा तपशील केवळ चरित्रात्मक मानून सोडून देण्याजोगा नाही. बातमीसाठी कॅमेरा चालविणारा माणूस घटना घडून गेल्यावर घटनास्थळी पोचतो, आणि पोलीसही तसेच पोचतात. दोघांनाही मागे राहिलेल्या खुणांवरून मागे जावे लागते. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेतील अधिकाऱ्यांशी सिंग यांचा याच काळात परिचय झाला, आणि त्या परिचयातून कथाबीजे मिळत गेली. खासगी उपग्रह वाहिन्या घरोघरी पोचण्यापूर्वी प्रक्षेपित झालेली 'एक शून्य शून्य' ही मालिका पोलिसांच्या प्रत्यक्ष तपासांवर आधारलेली होती. पोलीस नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक हेच तिचे शीर्षक. आता ११२ हा एकच क्रमांक पुढे आल्याने नव्या विद्यार्थ्याला त्या शीर्षकाचा अर्थ सांगावा लागतो. त्या वेळी तो सांगावा लागत नव्हता. अर्थात ज्या गावात दूरध्वनीच नव्हता, तेथे या क्रमांकाचा अर्थ काय होता, हा प्रश्न तेव्हाही उरत होताच.

पोलिसांच्या कागदपत्रांतून नाट्य उभे करण्याची ही रीत जगात नवी नव्हती. अमेरिकेत जॅक वेब यांची 'ड्रॅगनेट' ही मालिका १९५१ पासून लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रकरणांवर चालली होती. हिंदीत मात्र आधी लोकप्रिय झाला तो खासगी हेर : १९८५ चा 'करमचंद' आणि पुढे १९९३ पासूनचा 'ब्योमकेश बक्षी'. मराठी वाचकाच्या मनातील चित्रही असेच होते. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे पोलीस यंत्रणेच्या बाहेर वावरणारे साहसी पुरुष. कायदा जेथे थकतो तेथे त्यांचे काम सुरू होते. 'एक शून्य शून्य'ने या नायकाला बाजूला सारले आणि त्याच्या जागी पगारी अधिकारी आणला. त्या भूमिकेत शिवाजी साटम होते. नाटकांतून पुढे आलेला हा नट मूळचा बँकेतील कर्मचारी. त्यांच्या अभिनयातील संयत, किंचित त्रासिक, कामाचा ढीग समोर असल्यासारखा भाव कार्यालयीन जीवन जवळून पाहिल्याखेरीज आला असता असे वाटत नाही. मराठी गुन्हेकथेत नायक प्रथमच नोकरदार झाला, हे या मालिकेचे वाङ्मयीनदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे कार्य होय.

या बदलाबरोबर संहितेचे स्वरूपही बदलले. रहस्यकादंबरीचा आधार वर्णन आणि संवाद हा असतो. पोलीस-मालिकेचा आधार पंचनामा. पंचनामा हा मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याच्याकडे आपण फारच कमी लक्ष दिले आहे. त्यात विशेषणे नसतात, अंतरे असतात. कोणाचे काय वाटणे नसते, काय दिसले ते असते. प्रेत कोणत्या दिशेला डोके करून पडले आहे, दार आतून बंद होते की बाहेरून, याची नोंद लेखकाचे सारे कौशल्य दडवून केलेली असते. कॅमेऱ्याला हे गद्य मानवते. सिंग यांच्या शैलीत वस्तूला जे महत्त्व आहे, त्याचे मूळ मला येथे दिसते.

'सी.आय.डी.' २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. भागांची संख्या १५४७ झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. आरंभीच्या लेखकांत श्रीधर राघवन आणि रजत अरोरा हे पुढे हिंदी चित्रपटांत गेलेले लेखक होते. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखविलेला १११ मिनिटांचा भाग एकाच अखंड चित्रणात घेतलेला होता आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. तांत्रिक धाडस म्हणून त्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण अखंड चित्रण म्हणजे मूलतः नाटकच, आणि दीर्घकाळ रंगभूमीवर वावरलेल्या नटांशिवाय ते साधले नसते, हे फारसे कोणी बोलले नाही.

वीस वर्षांत मालिकेचा स्वभाव पालटला. प्रकरण-आधारित वास्तवाकडून ती एका विधीकडे सरकली. दार तोडण्याची आज्ञा, प्रयोगशाळेतील डॉक्टरची थट्टा, प्रद्युम्न यांच्या हाताची ती वर्तुळाकार हालचाल, अखेरीस आरोपीच्या गालावर थप्पड आणि फाशीचे भाकीत : प्रेक्षक हे सारे अपेक्षेने पाहू लागला. कीर्तनात आख्यान माहीत असूनही श्रोता बसतो, तसा. समीक्षकांनी याला ऱ्हास म्हटले. मला ते लोकनाट्याकडे झालेले वळण वाटते. त्याची एक किंमत मात्र मोजावी लागली. मालिकेत न्यायालय जवळजवळ दिसतच नाही. कथा संपते ती कबुलीने. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. म्हणजे कायदा जेथे संशयाला सुरुवात करतो, नेमके तेथे मालिका पडदा टाकते. दोन पिढ्यांची न्यायाविषयीची समजूत या पडद्यावर पोसली गेली आहे.

आणखी एक किंमत भाषेची. जे मराठीत सुरू झाले ते हिंदीत मोठे झाले. दिग्दर्शक तोच, प्रमुख नट तोच, शहरही तेच. मराठीत नंतर पोलीस-मालिका आल्या, पण त्यांनी बेतलेला साचा बहुधा 'सी.आय.डी.'चाच होता. आपलेच बीज आपल्याकडे परत येताना अनुवादित होऊन आले.

आता या जिल्ह्यांकडे वळू. पदव्युत्तर वर्गात या मालिकांवर चर्चा चालू असताना धानोरा भागातील एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, यात फॉरेस्टवाले का नसतात?" वर्ग हसला. प्रश्न मात्र मूलगामी होता. ज्या जिल्ह्याच्या भूमीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे, तेथे सामान्य माणसाचा शासनाच्या तपासयंत्रणेशी पहिला संबंध पोलीस ठाण्यात येतोच असे नाही. तो वननाक्यावर येतो. येथे गुन्हा म्हणजे खून किंवा दरोडा एवढेच नसते. डोक्यावरची मोळी, खांद्यावरचा बांबू, बैलगाडीतील सागाचा ओंडका हेही असते. त्याची नोंद वनरक्षक करतो, आणि त्या कागदाला सगळे 'पी.ओ.आर.' म्हणतात.

मालिकेतील गुन्हा निसर्गदत्त असतो. खून हा खूनच. प्रश्न एवढाच की, तो कोणी केला. वैनगंगेच्या काठी हे इतके सरळ राहत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मूल-सावलीकडून गडचिरोलीला जाताना नदीवरील पूल लागतो. १९९३ ते २०१५ या काळात पुलाच्या एका टोकाला जी बाटली दुकानातील माल होती, ती दुसऱ्या टोकाला मुद्देमाल होती. पुढची सहा वर्षे ती दोन्ही टोकांना मुद्देमाल झाली, आणि २०२१ पासून पुन्हा पूर्वीसारखे. बाटली तीच, नेणारा माणूस तोच, नदीही तीच. बंदीच्या बाजूने येथील स्त्रियांनी दिलेला लढा मोठा आहे आणि त्याच्या मोलाविषयी येथे वाद नाही. मुद्दा कथनाचा आहे : 'कोणी केले?' या प्रश्नाआधी 'हे केव्हापासून आणि कोठपर्यंत गुन्हा आहे?' हा प्रश्न उभा राहतो. ज्या कथनप्रकाराला हा प्रश्न विचारताच येत नाही, तो या भूमीवर अपुरा पडणारच.

बांबूचे उदाहरण याहून बोलके आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. वनजमिनीबाहेरच्या बांबूला त्यातून वगळले ते २०१७ च्या दुरुस्तीने. मध्यप्रांताच्या काळापासून गावांना निस्तार हक्क होते खरे, पण त्यांची मर्यादा कागदावर ठरे आणि नाक्यावर बदले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या कागदाअभावी माणूस आरोपी ठरत होता, तो कागद देण्याचा अधिकारच गावाकडे आला. यात नाट्य आहे, संघर्ष आहे, उलगडाही आहे. फक्त यात गुन्हेगार सापडत नाही. गुन्हा नाहीसा होतो. अशी अखेर गुन्हेशोध-मालिकेच्या व्याकरणात बसत नाही.

झाडीपट्टीच्या रंगभूमीने तरी हा विषय हाताळला का, असे विचारता येईल. दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने, वडसा येथील मंडळ्यांची नाटके गावोगाव रात्रभर चालतात. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राचे लक्ष इकडे काहीसे वळले. या नाटकांत गुन्हा असतो, पोलीसही असतो. पण रहस्य सहसा नसते. खलपुरुष पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो. प्रेक्षकाला उत्सुकता असते ती तो कोण याची नव्हे. घरातील माणसांना ते केव्हा कळणार, याची. गुन्हा येथे नात्यावरचा आघात म्हणून येतो, आणि त्याची दाद लागते ती शोधाने नव्हे, शोकाने. पहाटेपर्यंत थंडीत बसलेल्या माणसाला कोड्यापेक्षा हे अधिक धरून ठेवते, यात नवल नाही. एक गंमत सांगण्याजोगी : 'झडती' हा शब्द ठाण्यात अंगझडतीचा, घरझडतीचा, आणि विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर म्हटल्या जातात त्याही झडत्याच. त्यांत गावातील बड्यांची, सावकाराची, साहेबाची खोडी काढलेली असते. एका झडतीत सत्ता माणसाला तपासते, दुसरीत माणूस सत्तेला.

तथापि या रंगभूमीचीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. तिचे गंभीर संवाद बहुतांशी प्रमाण मराठीत असतात. झाडीबोली येते ती पुष्कळदा विनोदी पात्राच्या तोंडी. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला अभ्यासाचा विषय म्हणून उभे केल्यावरही रंगमंचावरील ही विभागणी पुरती मोडलेली नाही. गोंडी आणि माडिया तर त्याही पलीकडे राहतात. अहेरी-भामरागडकडील माणूस मुंबईच्या मालिकेत नाही, हे एक वेळ समजते. वडशाच्या नाटकातही तो क्वचितच आहे.

या ठिकाणी पुन्हा पोलिसी गद्याकडे यावे लागते. पंचनाम्याइतकाच महत्त्वाचा दुसरा कागद म्हणजे जबाब. साक्षीदाराचे तपासातील म्हणणे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली लिहिले जाई, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली लिहिले जाते. जबाब प्रथमपुरुषी असतो : "मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की..." हा 'मी' ज्याचा, त्याचे ते शब्द मात्र असतीलच असे नाही. माडिया बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे दुभाष्याच्या तोंडून मराठीत येते, लिहिणारा ते ठाण्याच्या मराठीत बसवितो, आणि ते पुढे न्यायालयात जाते. प्रत्येक पायरीवर काळ, क्रम, नात्याचे शब्द, झाडांची नावे बदलण्याची शक्यता असते. अनुवादाभ्यासाच्या तासाला आपण परदेशी कवितेचे दाखले देतो. आपल्याच जिल्ह्यातील या अनुवादाकडे, ज्यावर एखाद्याची सुटका अवलंबून असते, आपण पाहिलेले नाही.

'एक शून्य शून्य'च्या कर्त्यांनी मुंबईच्या गुन्हे शाखेतील कागदांत नाट्य ओळखले, हे त्यांचे खरे श्रेय. येथील कागद वेगळे आहेत आणि त्यांतील नाट्यही वेगळे आहे. पी.ओ.आर., वाहतूक परवाना, ग्रामसभेचा ठराव आणि जबाब यांवर उभी राहणारी मालिका वा नाटक अद्याप कोणी रचलेले नाही. रचावयाचे झाल्यास त्याचा आरंभ कदाचित जबाबाच्या अखेरच्या, ठरलेल्या वाक्यापासून करावा लागेल. तेथे लिहिलेले असते की, वरील मजकूर सांगणाऱ्यास वाचून दाखविला आणि तो त्याच्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तो कोणत्या भाषेत वाचून दाखविला, हे त्या वाक्यात लिहिलेलेच असते असे नाही. खाली अंगठाही नसतो.