न जन्मलेल्या कवीची कविता

वाचकहो, खोटे नाणे पाडणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. परंतु खोट्या नाण्यातील सोने खरे निघाले तर त्या माणसाला काय म्हणावे? काव्याच्या इतिहासात असा प्रसंग आला आहे. त्याचा नायक सतरा वर्षांचा होता.

इंग्लंडमधील ब्रिस्टल या जुन्या बंदरात सेंट मेरी रेडक्लिफ नावाचे भव्य चर्च आहे. त्याच्या प्रवेशद्वारावरील खोलीत शतकांपूर्वीच्या कागदपत्रांच्या पेट्या बेवारस पडल्या होत्या. तेथील एक शाळामास्तर त्यांतील चर्मपत्रे घरी नेऊन मुलांच्या पुस्तकांना वेष्टणे घालीत असे. या मास्तराच्या मृत्यूनंतर 1752 साली त्याचा मुलगा जन्मला. त्याचे नाव टॉमस चॅटर्टन. मुलगा मंदबुद्धी आहे अशी घरच्यांची समजूत होती. पण एका जुन्या पोथीतील नक्षीदार अक्षरांवर त्याची दृष्टी खिळली आणि तेथून तो वाचू लागला.

पुढे तो एका वकिलाकडे उमेदवार कारकून म्हणून लागला. दिवसभर दस्तऐवजांच्या नकला करायच्या आणि जेवायचे नोकरांच्या पंगतीला! या कोंडीतून त्याने स्वतःपुरते दुसरे जग उभे केले. पंधराव्या शतकातील ब्रिस्टलचा धनाढ्य व्यापारी व महापौर विल्यम कॅनिंज हा खरा पुरुष. त्याच्या आश्रयाला चॅटर्टनने टॉमस राउली नावाचा एक कवी-धर्मोपदेशक कल्पनेने आणून बसविला आणि त्याच्या नावे जुन्या वळणाच्या इंग्रजीत काव्ये लिहिली. 1768 साली गावात नवा पूल खुला झाला, तेव्हा जुन्या पुलाच्या उद्घाटनाचे ‘प्राचीन’ वर्णन त्याने वृत्तपत्रात धाडले. गाव थक्क झाले. शहराचा इतिहास लिहिणारे एक शल्यवैद्य त्याच्याकडून असे कागद आनंदाने घेऊ लागले. चर्मपत्राला पिवळी माती चोळून ते जुने कसे करावे, हे त्याने आपल्याला दाखविल्याचे एका परिचिताने पुढे सांगितले.

आपल्याकडेही जुन्या ग्रंथांत क्षेपक ओव्या शिरतात. पण तेथे मूळ कवी तरी खरा असतो. येथे कवीच कल्पित होता!

1769 मध्ये चॅटर्टनने काही लेखन होरेस वॉलपोल या प्रतिष्ठित साहित्यिकाकडे पाठविले. प्रथम मोठे सौजन्याचे उत्तर आले. मात्र लेखक एका गरीब विधवेचा मुलगा असल्याचे कळले आणि कवी ग्रे व मेसन यांनी हे लेखन बनावट असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा वॉलपोलने त्याला आपल्या धंद्यात लक्ष घालण्याचा उपदेश केला. त्याची हस्तलिखितेही पुनःपुन्हा मागावी लागली. गंमत अशी की, याच वॉलपोलने 1764 साली आपली कादंबरी एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून प्रसिद्ध केली होती! श्रीमंताची ती लीला ठरली. गरिबाची मात्र लबाडी.

एप्रिल 1770 मध्ये चॅटर्टन लंडनला गेला. नियतकालिकांसाठी तो अहोरात्र लिही. तुटपुंजा मोबदला मिळे. त्यातूनही त्याने आई-बहिणीसाठी भेटवस्तू पाठविल्या. त्या उन्हाळ्यात त्याने राउलीच्या नावे आणखी एक काव्य एका मासिकाकडे धाडले. वादळात सापडलेला एक निराधार वाटसरू धनवान मठाधिपतीकडे याचना करतो. तो त्याला झिडकारतो आणि एक गरीब साधू आपले पैसे व अंगरखा त्याला देऊन टाकतो, अशी ती कथा. मासिकाने काव्य नाकारले. घरमालकिणीने देऊ केलेले जेवणही त्याने मानीपणाने घेतले नाही, असे सांगतात. 24 ऑगस्टच्या रात्री सोमल पोटात जाऊन तो मरण पावला. ही आत्महत्या की औषध घेताना झालेली चूक, यावर पुढे अभ्यासकांत मतभेद झाले. अनाथ-दरिद्र्यांच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

सात वर्षांनी, 1777 साली, टिरव्हिट या विद्वानाने राउलीची काव्ये ग्रंथरूपाने छापली आणि पुढच्याच वर्षी ती चॅटर्टनचीच असल्याचे त्याने प्रतिपादिले. तरी वाद धुमसत राहिला. 1871 मध्ये स्कीट या भाषापंडिताने दाखवून दिले की, ते ‘प्राचीन’ शब्द अठराव्या शतकातील छापील कोशांतून, तेथील चुकांसकट, उचललेले आहेत. लबाडी शब्दांत पकडली गेली. पण कोणत्याही कोशातून उचलता न येणारी जी गोष्ट, ते काव्य, ते मात्र त्याचे स्वतःचेच निघाले. कीट्सने 1818 साली आपले ‘एंडिमियन’ हे दीर्घकाव्य याच मुलाच्या स्मृतीला अर्पण केले.

असत्याचे समर्थन कोणीही सुज्ञ करणार नाही. चॅटर्टनने इतिहासाच्या अभ्यासकांना फसविले, हे खरेच आहे. परंतु ज्या समाजाने तीनशे वर्षांपूर्वीच्या काल्पनिक साधूला मान दिला, त्याने तीच कविता लिहिणाऱ्या समोरच्या मुलाकडे पाहिलेही नाही, हेही तितकेच खरे. म्हणून वाचकहो, आपल्या घरातील एखादे मूल वहीत काही खरडून लाजत लाजत आपल्यासमोर धरील, तेव्हा ‘हे कोठून उतरविलेस?’ असे विचारण्यापूर्वी ते एकदा शांतपणे वाचून पाहावे.