टाच दुखतेय, मग मॅरेथॉनचं काय?

वसई-विरार मॅरेथॉन साधारण डिसेंबरात असते. म्हणजे 42.195 किलोमीटरची तयारी सुरू करायची ती ऐन पावसाळ्यात. तेव्हा इथल्या तुळिंजच्या रस्त्यांवर पाणी साचलेलं असतं आणि त्याखालचा खड्डा दिसत नाही. कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाची पोटरी धरते, कुणाची टाच सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला कळ मारते. मग सल्ले सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे ‘पूर्ण बरं होईपर्यंत पाय हलवायचा नाही’. ताज्या दुखापतीत दोन-तीन दिवस जपणं योग्यच. पण पोटरीला टाचेशी जोडणारी जी जाड कंडरा असते, ती नुसत्या विश्रांतीने मजबूत होत नाही. तिला बेताबेताने भार लागतो. 2007 साली स्वीडनमध्ये टाचेची ही कंडरा दुखणाऱ्या 38 जणांवर अभ्यास झाला. व्यायाम सगळ्यांनीच केले. एका गटाला सहा आठवडे पळणं-उड्या बंद होत्या. दुसऱ्याला पळायची मुभा होती, अट एकच: दुखणं दहापैकी पाचच्या वर जाता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. पळणाऱ्यांचं काही बिघडलं नव्हतं.

नवख्याने मात्र पाचापर्यंत जाऊच नये. दहापैकी दोन-तीन इतपत दुखलं तर चालेल, आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. जिना उतरताना टाच कालच्यापेक्षा जास्त धरत असेल, तर कालचं अंतर जास्त झालं. त्या दिवशी सायकल चालवा किंवा पोहा.

याच जिन्यावर व्यायामही होतो. कठडा धरून चवड्यांवर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या पायावर वजन घेऊन ती टाच अगदी सावकाश पायरीच्या खाली न्यायची. 1998 साली स्वीडनमध्येच आल्फ्रेडसन या संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेल्या 15 हौशी खेळाडूंकडून हा व्यायाम 12 आठवडे, रोज करून घेतला. सगळे पुन्हा पूर्वीसारखे पळू लागले. कळ थेट टाचेच्या हाडापाशी असेल तर मात्र तो सपाट जमिनीवरच करावा, टाच पातळीच्या खाली नेऊ नये.

‘गोळी घेऊन पळालं की झालं.’ याच्याइतका घातक सल्ला दुसरा नसेल. वेदनाशामक गोळी दुखणं झाकते, भार कमी करत नाही. शिवाय घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारखी गोळी मूत्रपिंडावर ताण आणते, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम तर धो धो येतो.

‘मुरगळलेला घोटा ओढून बसवायचा.’ मुरगळण्यात सांध्याचे बंध ताणले जातात, जागचं काही हललेलं नसतं. ओढल्याने ते आणखी फाटू शकतात. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

‘पळून गुडघे झिजतात’ हेही घरोघरी ऐकू येतं. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा खुब्याची किंवा गुडघ्याची झीज हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के, तर न पळणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आढळली. स्पर्धात्मक धावपटूंमध्ये मात्र ती 13.3 टक्के होती, हेही सांगायला हवं.

‘कळंबच्या किनाऱ्यावर वाळूत पळा, मऊ असते.’ कोरड्या वाळूत टाच खोल रुतते आणि पोटरीला जास्त काम पडतं. पाण्यालगतची वाळू घट्ट असली तरी उतरती असते. दुखरी टाच असेल तर तिथे नुसतं चालावं.

एका दुखण्याशी मात्र तडजोड नाही. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, रात्री पडल्यावरही ठणकते, एका पायावर उडी मारवत नाही, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर पळायला लागू नये. हाडांच्या डॉक्टरांना ती जागा बोटाने दाखवावी आणि एमआरआय लागेल का ते विचारावं.