विश्लेषण : मधुमेह टाळण्याचा उपाय ठाऊक आहे, पण तो पोहोचवणार कोण?

आहारात बदल, नियमित चालणे आणि वजनात थोडी घट यांमुळे टाइप-२ मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो, हे अमेरिकेतील ‘डायबिटीज प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या चाचणीने २००२ मध्येच दाखवले. जोखीम असलेल्या ३,२३४ जणांपैकी वजन सात टक्के कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ही घट ३१ टक्के होती.

मग अडले कुठे?

चाचणीत प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता, त्याच्यासोबत सोळा सत्रे आणि पुढे पाठपुरावाही. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरकडे पाच मिनिटेही नसतात. त्यामुळे हाच परिणाम कमी खर्चात, साध्या माणसांकडून साधता येईल का, यावर वेगळे संशोधन लागते. इंडियानापोलिसमध्ये ‘वायएमसीए’च्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन गटसत्रे घेतली गेली. काही महिन्यांत सहभागींचे वजन सरासरी सहा टक्के घटले. केवळ थोडक्यात सल्ला मिळालेल्यांचे दोन टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये आले. २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाला कायद्याचा आधार मिळाला, पण ज्येष्ठांच्या ‘मेडिकेअर’ विम्यातून त्याचा खर्च मिळू लागला तो एप्रिल २०१८ मध्ये. मूळ चाचणीनंतर तब्बल सोळा वर्षांनी!

अशा संशोधनाला निधी मिळणे अवघड असते. गोळीमागे ती विकणारी कंपनी असते, चालण्याच्या गटामागे कोणी नसते.

भारतातील अनुभव काय?

दक्षिण भारतात ५३७ नोकरदार पुरुषांवरील चाचणीत मोबाइल संदेशांद्वारे सल्ला दिला गेला. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के, तर इतरांपैकी २७ टक्के मधुमेही झाले. केरळमध्ये गावातल्याच व्यक्तींनी चालवलेल्या गटांत मात्र मधुमेहाच्या प्रमाणात संख्याशास्त्रीय फरक दिसला नाही; फळे-भाज्यांचे सेवन वाढले. असे निष्कर्ष मथळ्यांत येत नाहीत. पण योजना आखणाऱ्यांना तेच अधिक उपयोगी, कारण एका ठिकाणचा यशस्वी नमुना जसाच्या तसा दुसरीकडे उचलून नेता येत नाही, हे त्यातून कळते.

महाराष्ट्रात?

२०२३ च्या ‘आयसीएमआर-इंडिॲब’ अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वमधुमेही आहेत. आशा सेविका घरोघरी तिशीपुढच्यांच्या कमरेचा घेर, तंबाखूची सवय, व्यायाम यांची नोंद करतात. जोखीम असलेली व्यक्ती त्या अर्जातून सापडते. पुढचे वर्षभर तिच्या सोबत कोण राहणार आणि त्या कामाचे मानधन कोणत्या खात्यातून निघणार, हे ठरायचे आहे.