मुलांच्या मनाची विचारपूस

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारीयांचा पुतळा उभा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडविला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाने संमोहनाचे मूळ संमोहकाच्या हातात नसून समोरच्याच्या मनात असते, हे पॅरिसमध्ये सांगितले. त्यांची एक आख्यायिका गोव्यात सर्वश्रुत आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारीया भयाने गोठला, तेव्हा वडिलांनी खालून हळूच कोकणीत म्हटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ आणि त्याची वाचा मोकळी झाली. खरेखोटे इतिहासकारांनी ठरवावे. मुलगा भ्याला आहे हे ओळखणारे कोणी त्या क्षणी जवळ होते आणि ते त्याच्या भाषेत बोलले, एवढे मात्र आमच्या मनात राहून जाते.

आजच्या शाळेत असे जवळचे माणूस कोण?

मनाचे दुखणे मूल ‘मनाचे’ म्हणून कधी सांगत नाही. ते पोट दुखते म्हणते. परीक्षेच्या सकाळी त्याला उलटी होते. एरव्ही बडबडे असलेले पोर मधल्या सुट्टीत एकटेच भिंतीशी बसते. हुशार मुलगी एकाएकी गृहपाठ लिहीनाशी होते. घरात दृष्ट काढली जाते, ग्रामदेवतेला कौल लावला जातो. श्रद्धेची थट्टा आम्ही करणार नाही. पण कौल लागल्यावरही मुलाचे ऐकून घ्यावयाचे राहतेच. शाळेत त्याला आळशी किंवा उनाड हा शेरा मिळतो. डॉक्टरांचे दार ठोठावले जाते ते फार उशिरा, आणि तेही शेजाऱ्यांना कळू न देता. (ताप आला तर आपण गावभर सांगतो!) वास्तविक आयुष्यभर जडणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आतच होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२३ या एका वर्षात देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे.

यावर पहिला उपाय सुचतो तो शिक्षकाला आणखी एक काम सांगण्याचा. येथेच थोडे थांबावे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग झाला. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेचा त्यात पुढाकार होता. काही शाळांत हे काम तेथल्याच शिक्षकांकडे दिले, काहींत त्यासाठी खास शिकवून तयार केलेली स्वतंत्र व्यक्ती नेमली. ही व्यक्ती मानसशास्त्राची पदवीधर नव्हती. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत मुलांतील खिन्नता, दादागिरी आणि मारामाऱ्या स्पष्टपणे घटल्या. शिक्षकांवर काम सोपविलेल्या शाळांत जवळजवळ काहीच बदलले नाही. शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. जनगणना, निवडणूक आणि उत्तरपत्रिका यांतून उरलेल्या वेळात कोणाचे मन वाचता येत नाही. शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मूल आपली फजिती कशी उघड करील?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट निर्देश दिले आहेत की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा. आपल्या राज्यात समुपदेशकांची योजना त्यापूर्वीपासून आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु शाळा-शाळांमधून धावणाऱ्या समुपदेशकाची वाट पाहत दुःख आठवडाभर थांबत नाही. आणि वर्षभराच्या करारावर नेमलेल्या माणसाने जोडलेला विश्वास करारासोबतच संपतो.

आम्ही पाहिलेल्या एका शाळेत समुपदेशनाची जागा म्हणजे क्रीडासाहित्याच्या कोठीतील दोन खुर्च्या होत्या. तिचे दार थेट मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर. आत कोण जाते हे सारी शाळा पाही, त्यामुळे कोणी जात नसे. आणि मुलांना गरजच वाटत नाही, असा अहवाल वर गेला होता. कोणत्या शाळेत समुपदेशक किती दिवस असतो आणि तो कोठे बसतो, ही माहिती शिक्षण खात्याने नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी शाळानिहाय प्रसिद्ध करावी. तोवर टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जो दिवसरात्र विनामूल्य चालू असतो, निदान प्रत्येक वर्गाच्या फळ्याशेजारी लिहावयास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.